छपराचे पाणी आणि घराचा पाया



मृग नक्षत्र आता दाराशी येऊन ठेपले आहे. शेतात वखरपाळ्या झाल्या, बियाण्याची जुळवाजुळव चालू आहे, बैल असो की ट्रॅक्टर, ज्याला त्याला आपल्या रानाची घाई आहे. या धांदलीत राहत्या घराकडे वर मान करून बघायला कोणाला सवड होत नाही. पाऊस पडला, घर गळू लागले, म्हणजे मग आपण पातेली मांडत बसतो. आज मी तुम्हांला गळतीबद्दल सांगणार नाही. गळती दिसते, म्हणून तिचा बंदोबस्त तरी होतो. जे पाणी घरात येत नाही, छपरावरून बाहेरच्या बाजूला पडते आणि आपल्याला निरुपद्रवी वाटते, त्या पाण्याबद्दल आज बोलायचे आहे.

पूर्णेहून नांदेडच्या बाजूला निघालात की वाटेत चुडाव्याचे स्टेशन लागते. चुडावा असो की परभणी जिल्ह्यातले दुसरे कोणतेही गाव असो, तिथल्या गल्लीतून पावसाळ्यात एकदा सावकाश चाला, आणि घरांच्या भिंतींकडे न बघता भिंतींच्या बुडाकडे बघा. पत्र्याच्या घरांना पायाशी एक सरळ रेघ दिसेल. पत्र्याच्या प्रत्येक नळीतून पडणाऱ्या धारेने जमिनीत एकेक खळगा केलेला असतो. खळगे जोडले जाऊन चर होते. चरात पाणी साचते. आणि ते पाणी कुठे जाते? वाहायला वाट नसली तर ते तिथेच, घराच्या पायात, मुरते.

पूर्वी असे नव्हते. आपल्याकडचे जुने घर म्हणजे माळवद. लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलचे, वर पालापाचोळा आणि त्यावर मातीचा जाड थर. त्या मातीला थोडा उतार दिलेला असे आणि कडेच्या बुटक्या भिंतीतून लाकडाची, दगडाची, नाहीतर पत्र्याची पन्हळ बाहेर काढलेली असे. माळवदावर पडलेले सारे पाणी त्या दोन-तीन पन्हळींतूनच खाली यायचे, तेही भिंतीपासून हात-दीड हात दूर. पन्हळीखाली एखादा सपाट दगड टाकलेला असायचा. म्हाताऱ्या माणसांनी हे काही पुस्तकात वाचून केलेले नव्हते. मातीच्या भिंतीला डोक्यावरचे पाणी सोसते, पायाशी साचलेले सोसत नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

माळवदाचे दोषही होते. घर गळू लागले की दर उन्हाळ्यात वर आणखी माती टाकायची, असे करता करता छपराचे ओझे वाढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीच्या भिंती आणि असली जड माळवदे अंगावर कोसळून गेली. तेव्हापासून हलक्या छपराची गरज आपल्याला पटली. घरोघर पत्रे येऊ लागले होतेच, ते वाढले. पत्रा हलका, लवकर बसतो, दरवर्षी माती टाकायला नको. सगळे ठीक झाले. फक्त एक गोष्ट मागे राहिली. माळवदाबरोबर आपण पन्हळही काढून टाकली.

आता हिशेब बघा. माळवदाची माती थोडेफार पाणी पिते आणि उरलेले हळूहळू सोडते. पत्रा काहीच पीत नाही. पडला थेंब की निघाला थेंब. पाणी जास्त, ते येते एकदम, आणि त्याला दूर नेणारी पन्हळ नाही. म्हणजे घर बदलले, पण पाण्याची व्यवस्था बदलायची राहिली.

त्यातून आपली जमीन काळी. कापसाला, ज्वारीला ती आईसारखी आहे. घराच्या पायाला मात्र नाही. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. वैशाखात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात त्या मिटून जातात, हे तुम्ही दरवर्षी पाहता. हीच हालचाल घराखालीही चालू असते. घराच्या आतली जमीन कोरडी, बाहेर पागोळीखालची जमीन चिंब. एक बाजू फुगून वर उचलते, दुसरी तशीच राहते. मग भिंत काय करील? खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग पडते. आपण तीत सिमेंट भरतो. पुढच्या वर्षी ती पुन्हा उघडते. आपण गवंड्याला दोष देतो, सिमेंटला दोष देतो. पण दोष वरून पडणाऱ्या पाण्याचा असतो.

माझ्याच घराची गोष्ट सांगतो. वडिलांनी माळवद उतरवून पत्रे घातले. दोन पावसाळे आनंदात गेले. तिसऱ्या वर्षी मागच्या भिंतीला भेग दिसली. ती आम्ही दोनदा लिंपली. पाचव्या वर्षी पोळ्याच्या सुमारास तीन दिवस झड लागली. तिसऱ्या रात्री भिंतीचा खालचा भाग सुटला आणि भिंत आत आली. त्या भिंतीला लागून आजीची बाज असे. आजी त्या आठवड्यात आत्याकडे गेली होती, म्हणून वाचली. बाजेच्या दोन्ही माच्या मोडल्या होत्या. सकाळी म्हातारा गवंडी आला. त्याने पडलेली भिंत पाहिलीच नाही. बाहेर जाऊन तो पागोळीच्या चरापाशी बसला, हाताने चिखल उकरला आणि म्हणाला, “भिंत पडली नाही बापू. भिंतीचे पाय कधीच धुऊन गेले होते. ती नुसती उभी होती.” ती भिंत आम्ही पुन्हा उभारली, पण त्याआधी पन्हळ लावली. उलट क्रमाने शहाणपण आले, एवढेच.

म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. पन्हळ ही घराची शोभा नाही. ती पायाची राखण आहे. आता ती कशी निवडायची, कशी बसवायची आणि कशी सांभाळायची, ते क्रमाने सांगतो.

बाजारात मुख्यतः दोन तऱ्हा मिळतात: एक जस्ताच्या पत्र्याची, दुसरी प्लास्टिकची, म्हणजे पीव्हीसीची. जस्ताचा पत्रा घेताना गेज विचारा. इथे आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. २८ गेजचा पत्रा स्वस्त पडतो, पण वाकतो, वाऱ्याने फडफडतो आणि लवकर गंजतो. २४ गेजचा घ्यावा. पत्रा जिथे कापला जातो तिथे जस्ताचा मुलामा उघडा पडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून कापलेल्या प्रत्येक कडेला रेड ऑक्साइडचा हात आठवणीने द्या.

प्लास्टिक गंजत नाही, पण आपले ऊन त्याला खाते. काही वर्षांत ते ठिसूळ होते. त्यावर बाहेरून फिक्या रंगाचा हात दिला तर त्याचे आयुष्य वाढते. तयार पन्हळ महाग वाटत असेल, तर १६० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण सहा इंची, पीव्हीसी नळ आणा. दोन्ही अंगांनी दोरीने सरळ रेघ मारा आणि करवतीने उभा चिरा. वीस फुटी एका नळातून चाळीस फूट पन्हळ निघते. तीस फूट लांबीच्या दुपाखी घराच्या दोन्ही बाजूंना दोन नळ पुरतात.

कोणी म्हणेल, चार इंची नळ का नको? पाणी तर त्यातूनही मावेल. मावेल, खरे आहे. पण धो धो पावसात पत्र्यावरून पाणी नुसते ओघळत नाही, उडी मारते. पन्हळ अरुंद असली तर पाणी तिला ओलांडून पुढे पडते. रुंदी हवी ती पाणी धरण्यासाठी.

आता बसवण्याचे काम. पन्हळ पत्र्याच्या कडेला अडकवू नका. पत्रा तिचे ओझे पेलत नाही. मातीच्या भिंतीत खिळाही टिकत नाही. छपराच्या लाकडी वाशांना किंवा लोखंडी अँगलला क्लँप बसवावेत. लोखंडी पट्टीचे क्लँप वेल्डिंगवाला करून देतो. दोन क्लँपमध्ये दोन फुटांपेक्षा जास्त अंतर नको. चिरलेला नळ उन्हाने वाकडा होतो, आणि आपल्याकडे वानरांची टोळी छपरावर उतरली तर काय होते, हे मी सांगायला नको.

पत्र्याची कड पन्हळीच्या आत दोन इंचांच्या आसपास यावी. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवा. कधी पन्हळ तुंबलीच, तर पाणी भिंतीवर न येता बाहेर सांडेल.

उतार दर दहा फुटांना एक इंच पुरतो. उतार डोळ्याच्या अंदाजाने देऊ नका. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घ्या, दोन टोकांना पातळीच्या खुणा करा, मग उताराएवढी एक खूण खाली घ्या आणि दोरी ताणा. क्लँप त्या दोरीला धरून लावा. घर तीस फूट लांब असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन इंच उतार होईल. मग खालच्या टोकाला पन्हळ पत्र्यापासून फार खाली जाते आणि वाऱ्याच्या पावसात धार बाहेर पडते. अशा वेळी मध्यभागी उंच ठेवून दोन्ही टोकांकडे दीड दीड इंच उतार द्यावा आणि दोन्ही कोपऱ्यांना उभे नळ लावावेत.

जस्ताच्या पन्हळीचे तुकडे जोडताना वरचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत बसला पाहिजे, कौलावर कौल बसते तसा, आणि चार इंच तरी एकमेकांवर आला पाहिजे. उलटे जोडाल तर पाणी जोडातच शिरेल. प्लास्टिक उन्हाने लांबते, थंडीने आखडते. म्हणून जोड अगदी गच्च भिडवू नका, थोडी फट ठेवून रबराचा जोड वापरा.

पन्हळ झाली, पण अर्धेच काम झाले. पन्हळीचे पाणी ज्या उभ्या नळातून खाली येते, तो नळ भिंतीच्या पायाशीच सोडून दिला, तर आधी सगळ्या लांबीवर पडणारे पाणी आता एका जागी पडेल. हे तर पूर्वीपेक्षा वाईट. उभ्या नळाला खाली बाक द्या, तोंडाशी शहाबादी फरशी उताराने बसवा आणि पाणी चार-पाच फूट दूर, नालीकडे किंवा टाकीकडे न्या. शोषखड्डा करणार असाल तर तो भिंतीपासून दहा फूट तरी लांब असावा, आणि काळी माती ओलांडून खाली मुरमापर्यंत पोहोचलेला असावा. काळ्या मातीतल्या खड्ड्यात पाणी जिरत नाही, नुसते उभे राहते.

आणि हो, आपले पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडू नका. गावात पागोळीच्या पाण्यावरून सख्ख्या भावांची बोलाचाल बंद झालेली आपण पाहिली आहे. दहा फूट पन्हळीने ते भांडण मिटले असते.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे गणित. हे तुम्ही वर्गात जरूर घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. आता तीस फूट बाय वीस फूट छप्पर घ्या. ते ६०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या छपरावरून २,८०० लिटर पाणी उतरते. दोनशे लिटरची चौदा पिंपे. एका तासात चौदा पिंपे पाणी आपण घराच्या पायाशी ओततो आहोत, असे मुलांना सांगा. ती विसरणार नाहीत.

याच गणिताची दुसरी बाजूही आहे. वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर धरला आणि उडून, सांडून पाचवा भाग वाया गेला असे मानले, तरी या छपरावरून ३५,००० लिटरांहून अधिक पाणी मिळते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तुम्हांला आठवत असेल. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते, म्हणजे एका वाघिणीत ५०,००० लिटर. आपल्या साध्या छपरावरून वर्षाला जवळजवळ पाऊण वाघीण पाणी वाहून जाते, आणि जाता जाता पायाची माती घेऊन जाते.

सगळे साठवणे कोणाला शक्य नाही. पण २,००० लिटरची एक टाकी उभ्या नळाखाली ठेवली, तर पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाचे रोज ४० लिटर धरून पन्नास दिवस पुरते. पावसाळ्यात ती पुन्हा पुन्हा भरते. मात्र काही पथ्ये आहेत. हंगामाचे पहिले पाणी टाकीत घेऊ नका. पत्र्यावरची धूळ, पाखरांची घाण त्यात असते. पुढेही बरेच दिवस उघडीप पडून पाऊस आला, तर एका पाख्याचे पहिले तीन-चार घागरी पाणी बाहेर सोडा आणि मग नळ टाकीकडे वळवा. टाकीच्या तोंडाला दुहेरी कापड बांधा, झाकण लावा, आत उजेड जाऊ देऊ नका. पिण्यासाठी पाणी उकळून घ्या. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे असेल, तर त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्यावरचे पाणी पिण्याला न घेता गुरांच्या गोठ्याच्या धुण्याला, झाडांना वापरा. असे पत्रे कापू नका, घासू नका. त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते.

आता देखभाल. पन्हळ लावून विसरली, तर ती नसलेलीच बरी. वर्षातून चार वेळा तिच्याकडे बघा. पहिली खेप मृगाच्या आधी. लिंबाचा पाला, चिमण्यांची घरटी, वादळाने आणलेली माती काढा आणि वरच्या टोकाला एक घागर पाणी ओता. पाणी न थांबता खालच्या टोकाला आले पाहिजे. मध्ये डबके राहिले तर तिथला क्लँप उचलून घ्या. दुसरी खेप पहिल्या मोठ्या पावसानंतर. सुटलेले जोड तेव्हाच कळतात. तिसरी पोळ्याला. चौथी दिवाळीच्या साफसफाईत. तेव्हा कोरड्या पन्हळीला जिथे गंज दिसेल तिथे घासून रंग द्या. उभ्या नळाच्या तोंडाशी जाळी बसवली, तर पाला आत जाऊन नळ तुंबत नाही.

पन्हळीतले डबके नुसते पन्हळीचे नुकसान करते असे नाही. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्याभरात नवे डास तयार होतात. म्हणून छपरावर सात दिवस पाणी उभे राहता कामा नये.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे काम करताना पत्र्यावर चढू नका. शिडी लावा, खाली एक माणूस शिडी धरायला उभा करा. सिमेंटचा पत्रा पायाखाली अचानक फुटतो. घरात येणारी विजेची तार छपराला घासत असेल तर पत्र्यात वीज उतरते. आधी खांबावरून वीज बंद करवून तार लाइनमनकडून नीट करून घ्या, मगच शिडीला हात लावा.

ज्यांना या वर्षी पन्हळीला पैसे जमणार नाहीत, त्यांनीही हात बांधून बसू नये. पागोळीखालचे खळगे मुरमाने भरा, चोपून घट्ट करा आणि भिंतीपासून बाहेर उतार द्या. जिथे धार पडते त्या रेघेवर फरशीचे तुकडे, सपाट दगड मांडा. पाणी उडून भिंतीवर येणार नाही आणि साचणार नाही. याला पैसा लागत नाही. दोन सकाळ लागतात.

शिक्षकांनी शाळेपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. शाळेचे छप्पर मोठे असते. मुलांकडून त्याची लांबी-रुंदी मोजून घ्या, सरळ काठाच्या डब्यात पट्टी धरून रोजचा पाऊस मोजा आणि किती पाणी आले याचा हिशेब फळ्यावर मांडा. मग मुलांना घरी पाठवा आणि एकच प्रश्न विचारायला सांगा: आपल्या छपराचे पाणी कुठे जाते? लेकरांनी विचारलेला प्रश्न मोठ्या माणसांना टाळता येत नाही.

श्रोतेहो, आढ्याचे पाणी वळचणीला येणारच. ते थांबवणे आपल्या हाती नाही. वळचणीवरून ते पायात मुरू द्यायचे की घागरीत घ्यायचे, हे मात्र आपल्या हाती आहे. आज संध्याकाळी चहा झाला की घराला एक फेरी मारा. वर बघू नका, भिंतीच्या बुडाशी बघा. तिथे चर दिसला, तर पावसाच्या आधीचे पहिले काम कोणते, ते तुम्हांला मी सांगायला नको.